चिठ्ठीवरचा नऊ : दारू सोडलेल्या एका जॉबरचं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि नवरा-बायको दोघांनी वाचून हो म्हटल्यावरच हे लिहितोय. मी एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे, आणि स्वतः पण त्याच वाटेनं आलेला, दारू सुटून १४ वर्षं झाली. या प्रकरणात आमच्या केंद्राकडून चुका झाल्यात, त्यातली एक तर माझी एकट्याची आहे.

पार्श्वभूमी

त्याला आपण तानाजी म्हणू. वय ३७, यंत्रमागावर जॉबर. जॉबर म्हणजे शेडमध्ये माग बंद पडला की पाना घेऊन पळणारा माणूस, दिवसपाळी रात्रपाळी दोन्ही, कानात कायम खडखडाट. बाविसाव्या वर्षी दारू सुरू झाली आणि शेवटची चारेक वर्षं रोज दोन ते तीन क्वार्टर. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं तर साधारण ६० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल जातं पोटात, आता तुम्हीच तीननं गुणा.

जूनमध्ये बायको आणि थोरला भाऊ घेऊन आले. दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, नसलेल्या. असं होऊ शकतं हे आम्हाला माहीत असतं, त्यामुळे फिजिशियनकडे हलवलं, गुंगीच्या गोळ्यांचा कोर्स आणि थायमिनची, म्हणजे बी१ व्हिटॅमिनची, इंजेक्शनं झाली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस भानावर आला. रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे वाढलेले आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, १०६. नॉर्मल १०० च्या आत. दारू पिणाऱ्यांत हा वाढलेला असतोच म्हणून तेव्हा त्याच्याकडे कुणी फार बघितलं नाही.

पाच आठवडे राहिला, नीट राहिला. घरी जाताना डॉक्टरांनी डायसल्फिरमची गोळी दिली, म्हणजे जिच्यावर दारू घेतली की जबर त्रास होतो ती, २५० मिलीग्रॅम, सकाळी चहाबरोबर वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, स्वतःच्या हातानं द्यायची. गुरुवारी फॉलोअपला यायचा, रविवारी मीटिंग.

घरी आई, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी वहिनींचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. त्यावर घरात उघड कुणी काही बोलायचं नाही, पण तो विषय कायम भिंतीला टेकून उभा असायचा. आता दारू सुटलीय तर दुसऱ्या मुलाचा विचार करू, असं दोघांचं चाललं होतं.

चिठ्ठी

ऑक्टोबरच्या सुरुवातीला विद्यापीठातली एक विद्यार्थिनी केंद्रात आली, एमएस्सीचा प्रोजेक्ट. दारू सोडून तीन महिन्यांवर झालेल्या लोकांच्या गालाच्या आतल्या पेशी घ्यायच्या आणि न पिणाऱ्यांच्या पेशींशी तुलना करायची, की दारूनं डीएनएला झालेली इजा सोडल्यावर कितपत राहते. विषय चांगलाच आहे, आम्ही परवानगी दिली. लाकडी पट्टीनं गाल आतून हलकं खरवडायचा, काचेवर पसरायचं, झालं. तानाजीनं पण दिला, सोबत एक फॉर्म भरला.

तीन आठवड्यांनी त्या पोरीनं प्रेमानं, खरंच प्रेमानंच, प्रत्येकाला ज्याची त्याची चिठ्ठी आणून दिली. इंग्रजीत. तानाजीच्या चिठ्ठीवर होतं, मायक्रोन्यूक्लिअस ९ पर १००० सेल्स, आणि खाली, एलिव्हेटेड जेनेटिक डॅमेज. मी त्या दिवशी रजेवर होतो. असतो तरी चिठ्ठ्या अडवल्या असत्या असं छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण तोपर्यंत मला पण त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

हे मायक्रोन्यूक्लिअस प्रकरण काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पेशीची विभागणी होताना गुणसूत्रं दोन्ही बाजूंना वाटली जातात. एखादा तुटलेला तुकडा किंवा अख्खं गुणसूत्र मागं राहिलं तर ते मोठ्या केंद्रकात जात नाही, बाजूला स्वतःचं छोटंसं केंद्रक करून बसतं. मायक्रोस्कोपखाली मोठ्या ठिपक्याशेजारी एक बारका ठिपका दिसतो, तो मोजायचा. असे एकदोन ठिपके हजारात निरोगी माणसाच्या गालात पण सापडतात.

आणि दारूचा त्याच्याशी संबंध आहे, ते खोटं नाही. दारू शरीरात गेली की तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते डीएनएला चिकटतं, धागे एकमेकात अडकवतं. शरीराकडे यावर दोन पहारेकरी आहेत, एक एन्झाइम जे अ‍ॅसिटाल्डिहाइड साफ करतं आणि दुसरी डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा. केंब्रिजच्या केतन पटेल यांच्या गटानं २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं की हे दोन्ही पहारेकरी काढून घेतले तर रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींमध्ये गुणसूत्रं तुटतात आणि भलतीकडेच जोडली जातात. दारूला कॅन्सरकारक म्हणून आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, १९८८ सालीच पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्यांत, टाकलंय.

तर चिठ्ठीतलं विज्ञान चूक नव्हतं. ती चिठ्ठी घरात पोचल्यावर जे झालं ते वाईट होतं.

अडचण नेमकी कुठं झाली

घरी इंग्रजी वाचणारा एकच, भावाचा मुलगा, बारावीला. त्यानं मोबाईलवर टाकून भाषांतर केलं, जेनेटिक डॅमेज म्हणजे आनुवंशिक बिघाड. आणि गंमत बघा, आमच्या संमतीपत्रावर पण मराठीत तेच छापलं होतं, "आनुवंशिक हानी". आनुवंशिक हा शब्द आपल्याकडे माणूस कसा ऐकतो? आजोबाला होतं, बापाला झालं, पोराला होणार. टक्कल, शुगर, कोड. तानाजीच्या आईनं विचारलं, "म्हणजे ह्याच्यातनं पोरात उतरणार का?" आणि मग दोन वर्षांपूर्वीचा गर्भपात भिंतीपासून निघून घराच्या मधोमध येऊन बसला. आतापर्यंत दोष सुनेच्या अंगावर होता, आता तो पोराच्या अंगावर आला, एवढाच काय तो फरक.

तानाजी माझ्याकडे आला नाही. तो मोबाईलवर वाचत बसला. रात्रपाळीला दोन माग बंद पडायच्या मधल्या वेळात वाचायचा, असं त्यानंच नंतर सांगितलं. वाचता वाचता त्याला दोन गोष्टी सापडल्या, दोन्ही सुट्या सुट्या खऱ्या. एक, अ‍ॅसिटाल्डिहाइड डीएनए बिघडवतं. दुसरी, आपण रोज सकाळी जी गोळी घेतो ती अ‍ॅसिटाल्डिहाइड साफ करणारं एन्झाइम बंद पाडते. दोन्हीची बेरीज त्यानं केली की म्हणजे गोळीच मला आतून खातेय.

बेरीज चुकली कुठं? अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं ते दारू घेतल्यावर. दारूच नाही घेतली तर साठायला येणार कुठून. ही गोळी १९४० च्या दशकात कोपनहेगनला अशीच लक्षात आली होती, दुसऱ्याच कामासाठी त्यावर प्रयोग चाललेले आणि गोळी घेतलेल्या संशोधकांना थोड्याशा दारूनं जबरदस्त त्रास झाला. पण हे त्याला कुणी सांगितलं होतं? आम्ही काय सांगतो, "गोळीवर दारू घेतलीस तर मरशील." एवढंच. भीती दाखवून काम होतंय म्हटल्यावर समजावून सांगायचा कंटाळा येतो, आपल्या सगळ्यांनाच.

त्यानं गोळी थांबवली. वहिनी रोज सकाळी समोर उभ्या राहून द्यायच्या, तरी थांबवली. कशी, तर गोळी खालच्या ओठाआड दाबायची, चहा प्यायचा, परसात जाऊन थुंकायची. पंधरा वर्षं तंबाखूचा बार धरलेला ओठ, त्याला एक गोळी धरणं काय अवघड. (गोळी पाण्यात विरघळवून द्यावी हे आम्हाला पाठ आहे. त्या घरी सांगायचं राहिलं.)

आठव्या दिवशी चुलतभावाच्या हळदीत नव्वद मिली घेतली. त्याला वाटलं आठवडा झाला, उतरली असेल. या गोळीचा असर बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. दहा-पंधरा मिनिटांत चेहरा बिटासारखा लाल, डोळे लाल, छाती अशी धडधडायला लागली की शर्टावरून दिसत होती, मग उलट्या, आणि हळद लावलेल्या नवरदेवाच्या शेजारीच कोसळला. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी ८० च्या खाली. रात्रभर सलाईन. वाचला.

मी सकाळी पोचलो तर तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला. मी म्हणलं, तानाजी. तो वळला नाही. म्हणाला, "सर, दारू सोडून बी उपयोग न्हाई झाला. माझं मूळच किडलंय." आणि मग उशीखालून ती चिठ्ठी काढली, घडी घालून घालून मऊ पडलेली.

समोर काय पर्याय होते

तिथून पुढे दोन दिवस मी, आमच्या मानसोपचार डॉक्टर आणि त्या प्रोजेक्टच्या गाइड प्राध्यापक बाई, असं आमचं फोनवर चाललं होतं.

पहिला सोपा पर्याय होता चिठ्ठी उडवून लावायची. "काही नसतं रे, पोरांचा प्रोजेक्ट असतो, फाडून टाक." माझ्या तोंडावर हेच आलं होतं. पण ते खरं नव्हतं आणि तानाजीला ते कळलं असतं. दारू सोडणाऱ्या माणसाला खोट्याचा वास फार लवकर येतो, आयुष्यभर त्यानं तेच केलेलं असतं.

दुसरा पर्याय भावानं आणला, खाजगी लॅबची "फुल जेनेटिक टेस्ट", १८ हजार रुपये, घरी येऊन रक्त नेतात. कर्ज काढायची तयारी होती त्याची. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण पैशाचा प्रश्न तर होताच पण त्यात एक फसगत होती जी मला स्वतःला पण बाईंनी सांगेपर्यंत कळली नव्हती. ही असली टेस्ट आईवडिलांकडून आलेला जो मूळ मजकूर आहे तो वाचते. दारूनं झालेली इजा तशी नसते, ती या पेशीत इथं, त्या पेशीत तिथं, अशी विखुरलेली असते, आणि लाखो पेशींचं रक्त एकत्र वाचलं की ती दिसतच नाही. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला असता तरी त्याच्या प्रश्नाला ते उत्तर नसतं, आणि त्यात भलतंच काही अर्धवट निघालं असतं, ज्याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही असं, तर घर अजून खाली गेलं असतं.

तिसरा, वीर्यतपासणी लगेच करून टाकू. हा तानाजीचा स्वतःचा आग्रह. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, पुढचा प्रवास धरला तर तीन. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पाच महिने झाले होते, म्हणजे दारूच्या काळातले शुक्रजंतू शरीरात शिल्लकच नव्हते. मग आताच का करू नये? डॉक्टर म्हणाल्या, आता याची मनःस्थिती बघा, एक आकडा त्याला हळदीपर्यंत घेऊन गेला, दुसरा आकडा कमी आला तर काय. थांबा. मला तेव्हा हे पटलं नव्हतं, वाटलं की लपवाछपवी चाललीय. आता पटतं.

चौथा पर्याय म्हणजे रोजच्या साध्या तपासण्या परत करायच्या आणि चिठ्ठी त्याच्यासोबत बसून, ओळ न ओळ वाचायची. हाच धरला.

काय केलं

बाई स्वतः आल्या, हे मला फार आवडलं. केंद्राच्या मागच्या खोलीत तानाजी, वहिनी, मी आणि त्या. वहिनींनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, गालातलं पोरात कसं जातं?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जात नाही. गालाच्या पेशी दोन-तीन आठवड्यांत झडून जातात, त्या गिळल्या जातात नाहीतर थुंकल्या जातात, पोराशी संबंध फक्त शुक्रजंतूंचा. गर्भपाताचं पण त्यांनी सांगितलं की कळलेल्या गरोदरपणांपैकी दहा ते पंधरा टक्के असेच पडतात, बहुतेकदा त्या एका गर्भातच गुणसूत्रांचा गोंधळ झालेला असतो, एका गर्भपातावरून ना बाईला दोष देता येत ना बुवाला. वहिनी खाली बघत होत्या. नंतर कळलं, दोन वर्षांत हे वाक्य त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं.

तानाजी बराच वेळ गप्प होता, आणि मग त्यानं जे विचारलं ते मी आता प्रत्येक बॅचला सांगतो. "म्हणजे मॅडम, जकार्डचं कार्ड नीट हाय आणि कापडात तार तुटलीय, असं?" बाईंना जकार्ड कळेना, मी सांगितलं, कापडावरची नक्षी ज्या भोकाच्या पुठ्ठ्यांवर ठरते ते कार्ड. कार्ड बिघडलं तर प्रत्येक वारात नक्षी चुकणार. तार तुटली तर तेवढ्याच जागी फट पडते. बाई म्हणाल्या, अगदी असंच. तो म्हणाला, "मग तार सांधणारा असतोय की न्हाई आत?" असतो म्हणाल्या, सगळ्या तारा सांधत नाही, पण असतो, आणि दारू बंद असली की त्याला उसंत मिळते.

आता खरी गोष्ट. बाईंनी त्याचा फॉर्म उघडला आणि विचारलं, "तंबाखू नाही असं लिहिलंय, बरोबर?"

खोलीत कुणीच बोललं नाही. तानाजीनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

तंबाखू होती. दिवसाला दहा-बारा बार, दारू सुटल्यापासून तर दुप्पट झालेली, शिवाय रात्रपाळीला मावा. फॉर्म भरताना शेजारी बायको बसलेली, तिला पाच-सहाच सांगितलेले, खरा आकडा तिच्यासमोर लिहायला नको म्हणून त्यानं सरळ "नाही"वर टिक केली. त्याहून मोठं कारण म्हणजे आमच्या केंद्रात तंबाखूला व्यसन म्हणायची पद्धतच नव्हती. "आधी दारू सुटू दे, तंबाखूचं नंतर बघू," हे आमचं वाक्य, आणि ते नंतर कधी यायचंच नाही. आणि मी, त्याचा समुपदेशक, त्याला तंबाखूचं विचारायला मला तोंडच नव्हतं, कारण माझ्या तोंडात बार होता. १४ वर्षं दारू नाही म्हणून टाळ्या घेणारा माणूस, खिशात पुडी आणि चुन्याची डबी.

बार कुठं धरतोस? डाव्या बाजूला, खाली. नमुना कुठला घेतला? डाव्या गालाचा, समोर बसून उजव्या हातानं घेताना डावा गालच सोयीचा पडतो. म्हणजे तंबाखू आणि चुना जिथं रोज बारा वेळा मुरतो त्याला लागूनच पट्टी फिरवली गेली होती. दारू आणि धूम्रपान दोन्ही असलेल्यांच्या गालात हे ठिपके वाढतात हे स्टिच आणि रोझिन यांनी १९८३ मध्येच कॅनडातून दाखवलं होतं, आणि बिनधुराची तंबाखू आणि सुपारी दोन्ही दारूच्याच कॅन्सर-गटात आहेत. तर तो नऊचा आकडा जूनमध्ये सोडलेल्या दारूचा किती आणि नमुना दिला त्याच दिवशी सकाळी धरलेल्या बाराचा किती, हे कुणीच वेगळं करू शकत नव्हतं. पण पेशी तीन आठवड्यांत बदलतात हे लक्षात घेतलं तर माझा कौल कुठं आहे ते कळलंच असेल.

बाईंनी अजून दोन गोष्टी प्रामाणिकपणे कबूल केल्या. एक, स्लाइडला गिम्सा रंग वापरला होता, त्यात केराटिनचे बारके कण पण ठिपक्यासारखेच दिसतात, डीएनएलाच धरणारा रंग वापरायला हवा होता. दुसरी, फक्त हजार पेशी मोजल्या होत्या. हजारात ९ सापडले तर परत मोजल्यावर ६ पण येतील, १२ पण येतील, निव्वळ योगायोगानं. गटाची तुलना करायला हे चालून जातं. एका माणसाला शुगरच्या रिपोर्टसारखं हातात द्यायला नाही.

मग साध्या तपासण्या. लिव्हरचे आकडे जवळपास जागेवर आले होते, पण एमसीव्ही अजून १०२. तांबडी पेशी १२० दिवस जगते, पाच महिन्यांत सगळी जुनी फौज बदलून गेलेली, मग आकार का उतरत नाही? म्हणून बी१२ व्हिटॅमिन बघितलं तर १६८, कमी. जेवण असं की कामावर वडा आणि चहा, घरी भात-आमटी, रविवारी मटण असायचं ते दारूच्या वर्षांत बंद पडलेलं. आणि बी१२, फोलेट कमी असलं की डीएनए बनतानाच कच्चं बनतं, तुटतं, आणि त्यानं पण हेच बारके ठिपके वाढतात. म्हणजे तिसरा संशयित निघाला, आणि तो इंजेक्शननं बरा होणारा. डॉक्टरांनी आधी बी१२ ची इंजेक्शनं सुरू केली, फोलिक अ‍ॅसिड त्यासोबत. नुसतं फोलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा मागच्या मागं खराब होत राहतात, म्हणून हा क्रम.

डायसल्फिरम परत द्यायची नाही असं ठरलं. ज्या माणसाचा गोळीवरचा विश्वास उडालाय आणि जो ती ओठाआड धरून थुंकू शकतो, त्याला ती देणं म्हणजे पुढची हळद वाट बघत असणं. लिव्हर बरं होतं म्हणून नाल्ट्रेक्सोन, म्हणजे दारूची ओढ कमी करणारी गोळी, दिवसातून एक, आणि यावेळी ती काय करते हे त्याला कागदावर काढून दाखवलं. अर्धा तास लागला. एवढा अर्धा तास जूनमध्ये दिला असता तर.

आणि दंतवैद्य. डाव्या बाजूला आत खाली, बार बसतो तिथंच, रुपयाएवढा पांढरा चट्टा, बोळ्यानं पुसून न जाणारा. तोंड तीन बोटं उघडत होतं हे बरं. डॉक्टर म्हणाले तंबाखू बंद करून दोन-तीन आठवड्यांनी या, तोपर्यंत गेला नाही तर तुकडा काढून तपासू. घरी महिनाभर ज्या "बिघाडा"वर रडारड चालली होती तो पोराबाळांत नव्हता, हा इथं होता, ओठ खाली ओढला की दिसेल असा, आणि आम्ही त्याला सहा महिन्यांत एकदा पण आ कर म्हटलं नव्हतं.

पुढे काय झालं

तंबाखू सुटायला दारूपेक्षा जड गेली. दोनदा सोडून दोनदा धरली. चट्टा पातळ झाला पण गेला नाही, म्हणून जानेवारीत बायोप्सी केली. रिपोर्ट आला की वरचा थर जाड झालाय, पेशींमध्ये बिघाड नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

एमसीव्ही मार्चमध्ये ९३. वीर्यतपासणी फेब्रुवारीच्या शेवटी केली, संख्या मिलीला ३१ दशलक्ष आणि हालचाल ४४ टक्के, डब्ल्यूएचओची २०२१ ची खालची मर्यादा अनुक्रमे १६ आणि ४२, म्हणजे हालचाल काठावर का होईना, दोन्ही आत. शुक्रजंतूंच्या डीएनएची वेगळी तपासणी असते, ती स्त्रीरोगतज्ज्ञांनी नको म्हटलं, एकाच गर्भपातावर तिची गरज नाही, पुढे लागली तर बघू. वहिनींना मात्र फोलिक अ‍ॅसिड आत्तापासूनच घ्यायला सांगितलं, ते दारूशी संबंध नसलेल्या बाईला पण सांगतातच.

गालाची तपासणी परत करायची का यावर माझं आणि बाईंचं वाजलं. मी नको म्हणत होतो, कशाला परत आकडा. तानाजीला हवी होती. शेवटी त्याचाच गाल म्हणून केली, एप्रिलमध्ये, यावेळी दोन्ही बाजूंची वेगवेगळी, योग्य रंग, प्रत्येकी दोन हजार पेशी. डावीकडे हजारी अडीच, उजवीकडे एक. तेव्हा त्याचा रोज एक बार चालू होता, डावीकडेच. तो म्हणाला, "नऊचं अडीच झालं!" मी म्हणलं तसं म्हणता येणार नाही, रंग वेगळा, मोजणी वेगळी, बी१२ मधे आलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही आनंद करू देत न्हाईसा." हे पण खरंच.

हळदीनंतर दारूला हात नाही, जूनमध्ये पहिल्या भरतीला वर्ष झालं. दुसऱ्या मुलाचं विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "सर, मला ह्यांच्या पेशींची भीती गेली. पगाराच्या दिवसाची अजून न्हाई गेली. सलग एक वर्ष जाऊ दे, हळदीपासनं मोजून." आम्ही सगळे पेशी मोजत होतो आणि ती महिने मोजत होती. सासूबाईंना हे पटलेलं नाही, त्यांचं वेगळंच चालूये, तो विषय इथं नको.

परत वेळ आली तर काय वेगळं करू

संशोधनाला नाही म्हणणार नाही. दारू सोडल्यावर शरीर किती सावरतं हे कळायला हवंच, २०२३ मध्ये आयएआरसीनं सगळे पुरावे बघून सांगितलं की दारू सोडल्यानं तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे असं कुणीतरी लोकांचे नमुने घेतले म्हणूनच कळलं. पण एकेकट्या माणसाचा आकडा हातात देऊ देणार नाही, गटाचा निकाल सांगा, आणि कुणाला स्वतःचा हवाच असेल तर कुणीतरी सोबत बसून. मुळात आमच्या संमतीपत्रात निकाल मिळणार की नाही याची ओळच नव्हती. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत संमती माणसाला समजेल अशा भाषेत हवी असं आहे, आम्ही मराठीत छापलं म्हणून समजेल असं धरून बसलो.

फॉर्म बदललाय. "आनुवंशिक हानी" काढून "पेशीतल्या डीएनएला झालेली इजा, जी पोराबाळांत जाते असं यावरून म्हणता येत नाही" असं लिहिलंय. लांबलचक झालंय, प्राध्यापक बाईंना ते अवजड वाटतं, असू दे. तंबाखू, मावा, मिश्री हे प्रश्न आता माणसाला एकट्याला विचारतो, घरचे बाहेर.

एमसीव्ही चौथ्या महिन्यात परत बघायचा, हे डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर टाकलंय.

एका बाबतीत माझं अजून ठरत नाही. पहिल्याच आठवड्यात तंबाखू पण बंद करायला लावली असती तर तानाजी टिकला असता का? भिंतीवर मुंग्या दिसणाऱ्या माणसाच्या हातातून पुडी पण काढून घ्यायची? आमच्यात यावर दोन तट आहेत. सध्या मधला मार्ग म्हणून भरतीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचं तोंड टॉर्च लावून बघतो, लिहून ठेवतो, कुठल्या बाजूला बार धरतो ते पण, आणि सोडायची तारीख ज्याची त्याला ठरवू देतो.

माझी पुडी डिसेंबरमध्ये सुटली. तानाजीचा रात्रपाळीचा एक बार अजून आहे असं तो सांगतो, मी एकाचे दोन धरतो. त्याची दंतवैद्याची पुढची तारीख महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी आहे, मी पण त्याच दिवशी माझं तोंड दाखवून घेणार आहे, डावीकडे माझ्या पण काहीतरी खरखरीत लागतंय जिभेला.